म्हैसासुर त्रिनिदादला निघाला होता

"संबळ कोणी वाजवला? मी काय विचारतो, संबळ कोणी वाजवला?"

ओरडत होते ते माझे मामा. एका पायात घुंगरांचा पट्टा, दुसरा पाय मोकळा. काजळ फासलेलं तेही अर्ध्याच तोंडाला, त्यामुळे डावीकडून पाहिलं तर राक्षस आणि उजवीकडून पाहिलं तर भात लावणारा कुणबी. आवाज असा की टोकावड्याला उभ्या असलेल्या यष्टीचा ड्रायव्हर खाली उतरून टायर तपासायला लागला. हे मला त्या ड्रायव्हरनेच सांगितलं. टोकावडं तिथून चांगलं दोन कोसांवर आहे, पण सरकारी नोकरीतला माणूस खोटं कशाला बोलेल.

देवळासमोरच्या मांडवात सगळं गाव दाटीवाटीने उभं होतं आणि मधोमध म्हैसासुर नाचत होता. लाल डोळे, वाकडी शिंगं, हनुवटीखाली लोंबणारी जीभ. नाच फर्मास चालला होता. अडचण एवढीच होती की त्या गावात म्हैसासुर म्हणजे मामा, आणि मामा मांडवाच्या बाहेर उभे होते. मुखवट्याच्या आत त्रिनिदाद होता.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मास्तर आता वयाने बहकला.

बोहाडा म्हणजे आमच्या शहापूर-मुरबाडकडचा सोंगांचा उत्सव. शेतीची कामं सुरू व्हायच्या आधी, उन्हाळ्यात, गावदेवीसमोर देवादानवांचे मुखवटे बांधून माणसं संबळाच्या तालावर नाचतात. सुरुवात गणपतीने होते आणि शेवटच्या सकाळी देवी आणि म्हैसासुर यांची लढाई. म्हैसासुर मेला की उत्सव संपला, माणसं झोपायला मोकळी. शहरातल्या नाटकांत म्हणे ज्याला चांगलं काम येतं त्याला भूमिका देतात. आमच्याकडे असला अन्याय नाही. इथे सोंग घराण्याचं. बाप गणपती तर मुलगा गणपती, मग त्याचं पोट असो वा नसो.

या सगळ्याचा कायदा तोंडी होता, त्यामुळे तो फार कडक होता. देवळासमोर संबळ वाजत असताना ज्याच्या डोक्याला मुखवटा बांधला आणि ज्याने मांडवाला एक फेरी मारली, त्याचं सोंग. मरेपर्यंत त्याचं, नाहीतर त्याने स्वतः दुसऱ्याला बांधेपर्यंत. संबळाशिवाय मुखवटा म्हणजे नुसता कागदाचा लगदा. पोरं घालून खुशाल गुरांना भेवडवत हिंडायची, कोणी विचारत नसे. पण संबळावर एक काठी पडली की त्या लगद्यात देव शिरला. बांधणारा हात कोणाचा, हे मात्र कायद्याने कधी पाहिलं नव्हतं. एकाचा मुखवटा उचलून दुसऱ्याला बांधण्याइतकं रिकामटेकडं माणूस त्या गावात आजवर जन्मलंच नव्हतं.

ते मुंबईहून आलं.

ते होते एक कलारसिक. रसिक असणं हाच त्यांचा धंदा होता आणि तो बरा चालत असावा, कारण अंगात रेशमी झब्बा आणि गळ्यात चामड्याच्या पिशवीतला कॅमेरा होता. दर उन्हाळ्यात ते कुठल्या तरी खेड्यात जायचे आणि तिथली कला मरत चालल्याचं जाहीर करायचे. आमची कला समोर उड्या मारत उभी असायची, तिच्या पायाची धूळ ह्यांच्या झब्ब्यावर बसायची, तरी हे तिच्या नावाने उसासे टाकणार. त्या वर्षी त्यांनी सोबत एक पाहुणा आणला होता. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद नावाच्या बेटावरचा, समुद्रकाठच्या एका छोट्या गावचा. सरकारी शिष्यवृत्तीवर मुंबईला चित्रकला शिकायला आला होता. उंच एवढा की मामांच्या घराच्या पडवीत तो शिरला तेव्हा कौलं त्याला बघायला वर सरकली. काळा, हसरा, आणि हातांना एक क्षण स्वस्थता नाही. खांब दिसला की खांबावर, ताट दिसलं की ताटावर बोटांनी ताल धरायचा.

मुरबाडच्या पुढे घाटापर्यंत इंग्रजी येणारा मीच. शहापूरच्या शाळेत मी तेव्हा पाचवीला इंग्रजीची अक्षरं शिकवत होतो आणि स्वतः पाचवीच्या पुढे फार गेलो नव्हतो. पाटलांनी निरोप पाठवून मला दुभाष्या म्हणून बोलावून घेतलं.

पाहुणा यष्टीतून उतरला तेव्हाच पहिला गोंधळ झाला. वेस्ट इंडीज हे दोन शब्द आमच्याकडे ऐकले होते ते फक्त पाटलांच्या बॅटरीच्या रेडिओवर. त्याच सुमारास त्यांच्या टीमने आपल्या लोकांना असं झोडपलं होतं की पाटील रेडिओला चादर घालून झोपत. पाटलांनी पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, वरपर्यंत न्याहाळायला त्यांना टोपी धरावी लागली, आणि म्हणाले, "बोलर."

मी म्हटलं, "पाटील, ते चित्रकार आहेत."

"ते मुंबईत. इथं बोलर."

पाहुण्याने हसून सांगितलं की त्याने आयुष्यात क्रिकेटचा चेंडू हातात धरला नाही. त्याचं भाषांतर मी इमानदारीने केलं. गावाला ते पटलं नाही. धुण्याचं धोपाटणं घेऊन पाटील स्वतः देवळासमोर बॅटिंगला उभे राहिले. पाहुण्याने नाइलाजाने चेंडू टाकला. तो पाटलांच्या डोक्यावरून, देवळाच्या कळसावरून जाऊन चहावाल्याच्या आधणात पडला आणि बराच वेळ उकळला. खरा वेग तो राखून ठेवतोय, असं गावाने एकमताने ठरवलं.

दुसरा गोंधळ चहाचा. पाहुण्याला चहा कशातून द्यावा, यावर पाटलांच्या माजघरात जी चर्चा झाली तेवढी दिल्लीला घटनेवर झाली नसेल. पितळी पेला दिला तर तो पुन्हा चुलीत घालून शुद्ध करावा लागेल. कपबशी दिली तर ती मामलेदाराची. शेवटी कुणीतरी काचेचा ग्लास शोधला. काचेला म्हणे विटाळ चिकटत नाही, घसरून पडतो. ओटीवर पाहुणा काचेचा ग्लास घेऊन बसला. खाली अंगणात, उन्हात, संबळवाला बसला होता. हा गावाबाहेरच्या वाडीतला. त्याच्या संबळाशिवाय गावचा एकही देव जागचा हलत नसे, पण देव हलवून झाले की त्याला चहा मिळायचा तो करवंटीतून, वरून ओतलेला.

पाहुण्याने ते पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. तो उठला, सरळ अंगणात जाऊन संबळवाल्याच्या शेजारी मांडी घालून बसला आणि मला म्हणाला, आमच्या गावीही कोळी लोक अशाच कवचीतून पितात, मला काच नको, हे सुंदर आहे, मला असंच द्या. रसिक भारावले. "पाहिलंत पाटीलसाहेब, कलावंत कलावंताकडे कसा ओढला जातो." पाटीलसाहेबांनी जे पाहिलं ते त्यांना गिळता येत नव्हतं. संबळवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, ह्यांना सांगा, ही कला नाय. ही करवंटी हाय."

मी सांगितलं. पाहुणा एवढंच म्हणाला की त्यालाही ते समजलंय. मग त्याने संबळवाल्याच्या करवंटीतूनच एक घोट घेतला आणि ती परत त्याच्या हातात दिली. ते पाहून पाटलांच्या गोठ्यातल्या म्हशीने रवंथ थांबवला.

संध्याकाळी मामांच्या पडवीत मात्र बैठक रंगली. पाहुणा सांगत होता, मी उलथापालथ करून मराठीत घालत होतो. त्यांच्या गावी सणाला तेलाची रिकामी पिंपं ठोकून ठोकून त्यातून सूर काढतात.

"तेल कुठं ठेवतात मंग?" मामींनी विचारलं.

सणाच्या दिवशी अख्खं गाव सोंगं घेऊन रस्त्यावर येतं. काही माणसं शिंगं लावतात, शेपूट ओढतात, अंगभर काकवी फासतात आणि पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला की त्याला मिठी मारायला धावतात.

"काकवी?" मामी म्हणाल्या. "अख्ख्या अंगाला?"

"हो."

"वाया जाते ना पण. आणि मुंग्या नाय लागत?"

मामांना मुंग्यांशी देणंघेणं नव्हतं. ते पुढे सरकून बसले. "पांढऱ्या कपड्यातला म्हणजे कोण? पाटील का?"

पाहुण्याने विचार करून सांगितलं, पूर्वी उसाच्या मळ्यांचे मालक. ऊस तोडायला त्यांनी आधी त्याच्या पूर्वजांना धरून नेलं, मग हिंदुस्थानातून माणसं नेली. त्यांची नातवंडं अजून तिथेच शेजारी राहतात, ताशे बडवतात.

"आपली माणसं तिकडं पण उन्हात राबायला?" मामा म्हणाले. "आणि मिठी मारायला वर्षात एकच दिवस?"

"एक-दोन दिवस."

"मंग तसंच हाय." मामा समाधानाने मागे टेकले. "भाच्या, ह्याला अजून एक भाकर वाढ."

ते असं का म्हणाले हे कळायला मामांचं आणि पाटलांचं प्रकरण ठाऊक हवं. मामा पाटलांचं कूळ. कूळकायदा आला आणि मामांच्या आजोबांपासून नांगरलेली खाचरं मामांच्या नावावर लागली. पाटलांनी हे हसत सहन केलं, म्हणजे हसणं चालू ठेवलं आणि मामांच्या बांधावरून गुरं नेणंही चालू ठेवलं. वर्षभर मामा पाटलांच्या ओटीखाली वहाणा काढून उभे राहणार. पण वर्षातल्या एका सकाळी पाटलांना मामांसमोर यावं लागे, तेही नऊवारी नेसून. कारण देवीचं सोंग होतं पाटील घराण्याचं. मिशा मुखवट्यात कोंबलेल्या, पोट निऱ्यांत कोंबलेलं, हातात लाकडी तलवार, अशी ती जगन्माता पदर सावरत मांडवात येई.

देवीच जिंकणार हे ठरलेलं. पण म्हैसासुराने कधी पडायचं, हे म्हैसासुर ठरवतो. तिथे देवीचं काही चालत नाही. पाटलांची गुरं ज्या वर्षी मामांच्या भातात शिरत त्या वर्षी मामा मरायचं नावच घेत नसत. वार झाला की हसायचे, दुसरा झाला की गिरकी घ्यायचे, देवीला मांडवभर पळवायचे. बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. एका वर्षी पाटलांनी मामांची विहीर अडवली होती. त्या वर्षी देवीला मधे दोनदा पाणी पाजावं लागलं. या एका सकाळच्या जोरावर मामा बाकीचं वर्ष काढत. जमीन गेली असती तर मामा रडून मोकळे झाले असते. सोंग गेलं असतं तर त्यांना सरळ उभं राहायला कारण उरलं नसतं.

आणि त्या वर्षी लढाईच्या सकाळी, मामा घरात काजळ फासत असताना, रसिकांना फोटो हवा झाला.

मुखवटे देवळाच्या पायरीवर मांडले होते. पाहुणा एकेकाला बोट न लावता निरखत होता, म्हैसासुरापाशी येऊन थबकला. पाटील म्हणाले, "घाल की. फोटो काढा."

रसिक म्हणाले, "नुसता मुखवटा मेलेला दिसतो. वाद्य हवं. अंगात ताल आला पाहिजे."

पाटलांनी संबळवाल्याला खूण केली. संबळवाला म्हणाला, "पाटील, संबळावर नका बांधू. मंग तो उतरायचा नाय."

"तू वाजव. तुला कोणी विचारलं?"

त्याने वाजवला. पाटलांनी स्वतःच्या हाताने गाठ मारली. पाहुण्याच्या कानावर ताल पडला आणि पायांनी कोणालाही न विचारता मांडवाची फेरी घेतली. पाटलांनी हे मुद्दाम केलं की फोटोच्या नादात, यावर गावात आजही दोन तट आहेत. मी दोन्ही तटांत आहे.

तर मामा ओरडत आले ते इथे.

"पाटलांनी सांगितला म्हणून वाजवला," संबळवाला म्हणाला. "मी नको बोललो होतो."

"अरे फोटोपुरता," पाटील म्हणाले. "एवढं काय त्यात."

"देवाला फोटो कळतो काय?" मामा म्हणाले. "काढा त्याचा मुखवटा."

पण काढायचा कोणी? सगळ्यांनी देवळाच्या भगताकडे पाहिलं. भगत इतका म्हातारा होता की त्याच्या आठवणीत देवी कुमारिका होती. त्याने डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत, झोपला की काय असं वाटलं, मग बोलला.

"संबळ वाजला. मुखवटा बांधला. फेरी झाली. सोंग पावन्याचं."

"आणि माझं?" मामा म्हणाले.

"पावना देईल तर तुझं."

"मंग देऊ दे ना आत्ता."

"आत्ता कसा देईल? अजून मेला कुठं?"

कायदा असा निघाला की घेतलेलं सोंग देवीच्या हातून मरेपर्यंत खेळल्याशिवाय दुसऱ्याला देता येत नाही. तेही सावली पायाखाली यायच्या आत, कारण मग सोंगं देवीच्या पाया पडून घरी जातात. न मेलेला म्हैसासुर तसाच राहतो, पुढच्या वर्षी त्यानेच यायचं. आणि सोंग ज्याच्या घरचं, मुखवटा त्याच्या घरी.

"म्हणजे त्रिनिदादला?" मी विचारलं.

"ते मुरबाडच्या अलीकडं का पलीकडं?" भगत म्हणाला.

हे ऐकताच पाटलांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं की तसं देवीच्याही कधी आलं नव्हतं. पाहुण्याला भर उन्हात नाचवणं बरं नव्हे, ते म्हणाले. परदेशी माणूस, त्याला काही झालं तर गावाचं नाव जाईल. लढाई या वर्षी नको. मुखवटा त्यांनी खुशाल न्यावा, दुपारच्या गाडीने. आणि लगेच एका गड्याला गवत भरून खोका आणायला पाठवलंही. रसिक तर उभ्या जागी विरघळले. "काय भाग्य आहे या मुखवट्याचं. सातासमुद्रापलीकडे एखाद्या संग्रहालयात, काचेच्या पेटीत, याच्यावर दिवा लावतील."

 मामांच्या मोकळ्या पायाला घुंगरांचा पट्टा बांधायचा राहिला होता, तो त्यांनी पायरीवर, म्हैसासुराच्या रिकाम्या जागेवर नेऊन ठेवला. मामांना मी म्हातारं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा एवढ्या वेळात झाले.

पाहुणा मुखवट्याआडून सगळं बघत होता. मला म्हणाला, सांग काय चाललंय. मी सांगितलं, माझ्या इंग्रजीत जेवढं मावलं तेवढं: तू आता राक्षस आहेस. ह्या पाटलांनी साडी नेसून तुला ठार मारायचं आहे. मेलास तर उठून हा मुखवटा माझ्या मामांना बांधायचास. नाही मेलास तर तो घेऊन घरी जा आणि दर वर्षी मरायला येत जा.

त्याने मामांच्या अर्ध्या काजळाकडे पाहिलं. मग पाटलांकडे. मग म्हणाला, मी मरतो. साहेबांना साडी नेसायला सांगा.

पाटलांना नेसवायला चार जण लागले, कारण पाटील नाही म्हणत होते आणि साडी हो म्हणत होती. पण सगळं गाव उभं, भगत बसलेला; देवीला मागे फिरता येईना. खोका आला होता तो तसाच पायरीवर राहिला. शेवटी पाटलांनी मनाशी हिशेब केला असावा की हा पाव्हणा माणूस, सभ्य आहे, एक टोचला की पडेल. लढाई म्हणजे शिष्टाचार होईल. ते तलवार पुढे धरून आले आणि हलकेच टोचलं.

पाहुणा पडला नाही. त्याने देवीला वाकून नमस्कार केला आणि सोंगासोबत हातात आलेली म्हैसासुराची काठी अशी फिरवली की ती दिसेनाशी झाली, नुसता वारा ऐकू येऊ लागला. त्यांच्या गावी ढोलाच्या तालावर काठ्यांनी लढायची कला आहे, आणि ह्याचा काका म्हणे त्या किनाऱ्यावरचा नामांकित काठीवाला. हे त्याने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं, पण तेव्हा मुंग्यांवरून वाद चालला होता, म्हणून मी भाषांतर केलं नव्हतं. संबळवाल्याने तो पवित्रा ओळखला. करवंटीचा घोट त्याच्या लक्षात असावा. त्याने ताल दुप्पट केला.

मग जे झालं ते मी शहापूरच्या शाळेत अनेकदा सांगितलं आहे आणि दर वेळी थोडं कमीच करून सांगितलं आहे. देवी मांडवातून पळाली. देवी देवळाला वळसा घालून पळाली. खळ्यातून, पेंढ्याच्या उडव्यामागून, कोरड्या ओढ्यातून, निऱ्या दोन्ही हातांनी वर धरून देवी पळाली आणि मागून गिरक्या घेत, काठी फिरवत, अंगाला स्पर्शही न करता म्हैसासुर. त्याच्यामागे संबळ, त्यामागे गाव, सगळ्यांच्या मागे रसिक, झब्बा करवंदीच्या जाळीत अडकलेला. त्या सकाळी देवीने मुरबाड तालुका ओलांडून शहापूर तालुक्यात पाऊल ठेवलं, असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. त्यांनी पाटलांना विचारावं.

मामा माझ्या शेजारून धावत होते. एका पायात घुंगरं, त्यामुळे एक पाय वाजायचा आणि एक नाही.

"भाच्या, सांग त्याला पड म्हणावं. ऊन वर आलं. सावली बघ, टीचभर उरली."

मी इंग्रजीत ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात पाटलांचा पाय पदरात अडकून ते शेणाच्या खड्ड्याच्या काठावर बसले, उठले, आणि मुखवटा तिरपा होऊन देवीच्या एका डोळ्यातून मिशी बाहेर आली.

मामांनी माझा दंड धरला. "थांब. आत्ता नको सांगू."

"मामा, सावली."

"दिसते मला सावली."

"मुखवटा जाईल त्रिनिदादला."

"जरा थांब बोललो ना."

सावली खरंच पायाखाली सरकत होती. मामी मागून हाका मारत होत्या, "अहो, त्याला पाडा आता, सोंग जाईल घरातलं." मामा एकदा आभाळाकडे बघायचे, एकदा देवीकडे. एका डोळ्याने त्यांना सोंग परत हवं होतं आणि दुसऱ्या डोळ्याने ते असं काही बघत होते जे त्यांच्या आजोबांनाही बघायला मिळालं नव्हतं. त्यांच्या ओठांवर 'सांग' येत होतं आणि परत आत जात होतं.

शेवटी देवी मांडवापाशी परत आली आणि खांबाला मिठी मारून उभी राहिली. तलवार गळून पडली होती. पाटलांच्या छातीचा भाता असा चालला होता की मांडवाची पताका हलत होती. "पाणी," देवी म्हणाली. पाहुण्याने ते ऐकलं. तो शब्द त्याला यायचा नाही, पण आवाज कळला असावा. काठी फिरायची थांबली. त्याने खाली वाकून पाटलांची लाकडी तलवार उचलली, त्यांच्या हातात दिली, त्यांचा हात धरून तिचं टोक आपल्या छातीला लावलं, आणि असा कोसळला की धुळीचा ढग उठला. काय मेला तो. हातपाय ताणले, शिंगं जमिनीवर आपटली, जीभ एका बाजूला. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. भगताने पायाखाली पाहिलं, मान डोलावली.

मग मेलेला म्हैसासुर उठून बसला, डोक्यामागची पाटलांनी मारलेली गाठ सोडवली, आणि संबळ चालू असताना मुखवटा मामांच्या डोक्याला बांधला. मामांनी एक फेरी घेतली. ती फेरी त्यांनी फार सावकाश घेतली. प्रत्येक खांबाला हात लावत. गाव त्यांच्यासाठी एकदा आणि पाहुण्यासाठी एकदा ओरडलं. पाटलांना कोणीतरी पाणी पाजत होतं. रसिकांच्या कॅमेऱ्यात फिल्म भरलेलीच नव्हती, हे तेवढ्यात उघडकीला आलं, पण ते विशेष नाही. कला पाहताना असं होतं.

दुपारच्या गाडीला वेळ होता. मामांच्या पडवीत पाहुणा भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खात बसला होता, बोटांनी ताटावर ताल धरत. तो सगळ्यांचं ऐकत होता, सगळे पाठ थोपटत होते, पण त्याचं लक्ष मामांकडे. शेवटी त्याने मला हळूच विचारलं, ह्यांना विचार ना. हे म्हैसासुराच्या घराण्यातले. माझं काम कसं झालं?

मी मामांना विचारलं. मामा ओल्या फडक्याने अर्ध्या तोंडाचं काजळ पुसत होते. त्यांनी ते सगळं पुसून घेतलं, फडकं पिळलं, दांडीवर टाकलं.

"बरा होता," मामा म्हणाले. "लवकर पडला."